एका तोळ्याचा रुपया

१९९१ च्या जुलैत, पहिल्या तीन दिवसांत दोनदा रुपयाचं अवमूल्यन झालं, तेव्हा मी फोर्टातल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात होते. सकाळपासून फोन थांबत नव्हते. ज्यांची बिलं डॉलरमध्ये वसूल व्हायची होती त्यांचा आवाज फुललेला होता. ज्यांनी जर्मनीहून, जपानहून यंत्रं मागवली होती ते जुन्या भावाने काही करता येईल का, असं काकुळतीने विचारत होते. दुपारी आमचे दफ्तरीकाका वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, “मॅडम, रुपया पडला की आपला माल बाहेर जास्त खपतो म्हणतात. मग तो वरचा पैसा येतो कुठून? कुणाच्या तरी खिशातूनच येत असणार ना?”

मी घाईत होते. “परदेशी गिऱ्हाइकाच्या खिशातून,” एवढं म्हणून मी फोन उचलला.

ते उत्तर चुकीचं होतं. दफ्तरीकाकांचं बालपण काळाचौकीच्या चाळीत गेलं होतं, घरात दोन पिढ्या गिरणीत होत्या, आणि प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. त्याचं खरं उत्तर शोधायला मला निवृत्तीपर्यंत सवड झाली नाही. सवड झाली तेव्हा मी डॉलरकडे गेले नाही. शंभर वर्षं मागे, माझ्या पणजीच्या मुंबईत गेले.

पणजी लालबागजवळच्या एका गिरणीत रिळखात्यात होती आणि पणजोबा सूतखात्यात. माणसं संगमेश्वरकडची. रिळखातं बायकांचं: बाबिणीवरचं सूत रिळावर घेऊन त्याच्या ८४० वाराच्या लडी करायच्या, लडींचे दहा रतलांचे गठ्ठे बांधायचे. एका रतलात अशा जितक्या लडी बसतात, तितक्या नंबरचं ते सूत. मुंबईच्या गिरण्या तेव्हा बहुतेक १० ते २० नंबरचं, म्हणजे जाडंभरडं सूत काढत. पणजीची सून म्हणजे माझी आजी. ती सांगायची, “सासूबाई म्हणायच्या, आमच्या हातचं सूत चीनला जातं.” आम्हा मुलांना ते परीकथेतलं वाटायचं, पण ते अक्षरशः खरं होतं. त्या काळच्या मुंबईत विणकाम कमी आणि सूतकताई फार. कातलेल्या सुताचा मोठा भाग गासड्या बांधून बोटीने हाँगकाँगला आणि शांघायला जाई. तिथले खेड्यापाड्यांतले विणकर ते हातमागावर विणत.

हे सूत लँकेशायरचं का नव्हतं? चीनला सूत विकायला इंग्रज मुंबईच्या किती तरी आधी पोचले होते. यंत्रं त्यांची, जहाजं त्यांची, बँका त्यांच्या. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची पहिली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली तेव्हा मँचेस्टर कधीच जगाचं दुकान झालं होतं. तरीही पंचवीस-तीस वर्षांत मुंबईने चीनच्या बाजारात त्याला मागे सारलं. याची कारणं अनेक आहेत, आणि त्यांतलं एक माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ते म्हणजे १८९२ सालचा एक रुपया. एका बाजूला मुकुट घातलेली व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीत बसवलेलं वर्ष. झवेरी बाजारातल्या ओळखीच्या सराफांनी तो काट्यावर ठेवला, तेव्हा काटा ११ ग्रॅम ६०० मिलिग्रॅमच्या थोडा पुढे थांबला. नवाकोरा असता तर ११.६६ भरला असता. म्हणजे बरोबर एक तोळा. कंपनी सरकारने १८३५ मध्ये सगळ्या मुलखाला एकच रुपया दिला तो १८० ग्रेनचा, त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. रुपया आणि तोळा ही एकाच वस्तूची दोन नावं होती. सराफ तर नाणंच वजन म्हणून पारड्यात टाकत.

शिवाय टांकसाळ सगळ्यांना उघडी होती. फोर्टातल्या टांकसाळीत कुणीही चांदी नेऊन द्यावी, शेकडा दोनच्या किंचित वर घडणावळ भरावी आणि बाकीचे रुपये पाडून घ्यावेत. चांदी नेणारे बहुधा मोठे व्यापारी आणि बँका असत, हे खरं. पण टांकसाळीचं ते दार उघडं होतं म्हणून देवरुखच्या सराफालाही बाईच्या पायातल्या तोड्यांना तोळ्यामागे जवळजवळ रुपया द्यावा लागे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनच्या शेतकऱ्यांचे दागिने ढिगांनी मुंबईच्या टांकसाळीत आले आणि रुपये होऊन बाहेर पडले. त्या रुपयांचं धान्य झालं. शेतकऱ्याचा विमा त्याच्या बायकोच्या अंगावर होता आणि सरकारी टांकसाळ त्या विम्याची हमीदार होती.

इकडे हे असं चाललेलं असताना युरोपात चांदीची पत गेली. १८७१ नंतर जर्मनीने सोन्याचा मार्क आणला आणि जुने चांदीचे थालर वितळवून बाजारात विकायला काढले. फ्रान्स आणि त्याच्या जोडीदार देशांनी घाबरून चांदीची नाणी पाडण्यावर आधी मर्यादा घातली, मग ते पाडणंच थांबवलं. अमेरिकेने १८७३ च्या कायद्यात चांदीचा डॉलर वगळला, आणि नेमकं त्याच सुमाराला नेवाडाच्या खाणींतून चांदीचा लोंढा येऊ लागला. लंडनमध्ये चांदीचा औंस साठ पेन्सांच्या आसपास असे, तो १८९३ पर्यंत चाळिसाच्या खाली आला. हुंडणावळ, म्हणजे रुपयाचा पौंडातला भाव, चांदीच्या मागोमाग खाली उतरली. १८७१ च्या सुमाराला रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. १८९२-९३ मध्ये एक शिलिंग तीन पेन्स.

आता गंमत पाहा, खरं तर गंमत नव्हे, हाच सगळ्याचा गाभा आहे. चीनही चांदीवरच चालत होता. शांघायचा व्यापारी टेलमध्ये, म्हणजे चांदीच्या वजनात, पैसे मोजायचा. मुंबईची मजुरी, मुंबईचा कापूस, मुंबईचं भाडं हे सगळंही चांदीतच. चांदी लंडनमध्ये कितीही घसरो, मुंबई आणि शांघाय एकाच होडीत होती. होडीबाहेर होतं ते लँकेशायर.

हिशेबासाठी सोपे आकडे घेते. समजा, ठरावीक सूत लँकेशायरला १० पौंडांना पडतं आणि मुंबईला १०० रुपयांना. रुपया दोन शिलिंगांचा असताना १० पौंड म्हणजे १०० रुपयेच. दोघंही सारखे. रुपया सव्वा शिलिंगावर आला की तेच १० पौंड उभे करायला लँकेशायरला शांघायमध्ये १६० रुपयांची चांदी हवी. मुंबईला १०० पुरेत. मुंबईने १२० ला विकलं तरी २० हाती, आणि लँकेशायरचा माल गोदामात. कुणाची चाती जास्त वेगाने फिरली नाहीत की कुणाचा धागा जास्त पक्का निघाला नाही. फक्त पैसा बदलला.

१८७६-७७ मध्ये हिंदुस्थानातून पूर्वेकडे गेलेलं सूत एक कोटी रतलांपेक्षा कमी होतं. पंधरा वर्षांनी ते पंधरा कोटींच्या वर गेलं. १८७५ च्या सुमाराला मुंबईत २७ गिरण्या होत्या, १८९५ पर्यंत त्या सत्तरच्या घरात पोचल्या. कामगार तेरा-चौदा हजारांवरून पाऊण लाखाच्या आसपास. लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा इथली भातखाचरं आणि वाड्या बुजवून ज्या चिमण्या उठल्या त्यांतल्या बहुतेक घसरत्या चांदीच्या या वीस वर्षांतल्या आहेत. माझे पणजोबा याच लाटेत बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले.

मँचेस्टरमध्ये हाहाकार उडाला. तिथल्या व्यापारी मंडळाने मुंबई आणि लँकेशायर यांच्या कताईची रीतसर चौकशी केली, १८८८ मध्ये तिचा अहवाल निघाला. एक पक्ष म्हणे, मुंबईच्या दारात कापूस आहे, चीन जवळ आहे, मजुरी स्वस्त आहे, म्हणून ती जिंकते. दुसरा म्हणे, हे सगळं पूर्वीही होतं, नवीन आहे ती हुंडणावळ. सोनं आणि चांदी यांचा भाव कायद्याने बांधून द्या, अशी चळवळ मँचेस्टरमध्ये जोरात चालली. मला दोन्ही पक्षांत तथ्य दिसतं. वऱ्हाड-खानदेशचा कापूस आधी जहाजाने लिव्हरपूलला न्यायचा आणि त्याचं सूत परत अर्धी पृथ्वी वळसा घालून शांघायला न्यायचं, हा उपद्व्याप कधी ना कधी थांबणारच होता. घसरत्या चांदीने तो लवकर थांबवला.

गिरणीमालकांना सगळंच फुकट मिळालं असं मात्र नाही. चाती, रिंगफ्रेम, इंजिनं, बॉयलर हे सगळं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून यायचं आणि त्याचे पैसे पौंडांत मोजावे लागायचे. एक लाख पौंडांच्या यंत्रांना पूर्वी दहा लाख रुपये पुरत, आता सोळा लाख. ज्याने १८७० च्या आत गिरणी उभी केली त्याला दोन्हीकडून फायदा. ज्याने १८९० मध्ये उभी केली त्याची सुरुवातच अंगावर ओझं घेऊन. मुंबईत धंदा मांडलेल्या विलायती भागीदारांची गोष्ट आणखी वेगळी. गिरणीचा नफा रुपयांत भरघोस दिसे, पण तो घरी पाठवायला काढला की पौंडात आटून जाई. परक्या मुलखात कारखाना घालणाऱ्याला ही दोन तोंडं कायमची असतात. तिथला पैसा स्वस्त झाला की माल स्वस्तात तयार होतो, आणि तिथली कमाईही तितकीच हलकी होते. जो माल तिसऱ्याच देशात विकतो तो तरतो, जो तिथंच विकून नफा मायदेशी नेतो तो कुरकुरतो. माझ्या नोकरीत मी हे शंभरदा पाहिलं, ग्राहक आणि चलनं तेवढी बदलत गेली.

लँकेशायरने आणखी एक वाट धरली. मुंबईच्या कामगाराच्या हालांची त्याला अचानक कणव आली. हिंदुस्थानात कारखान्यांचा कायदा करा, तास कमी करा, असा दबाव पार्लमेंटवर येऊ लागला. त्यामागे स्वार्थ होता हे उघड आहे. पण म्हणून आपल्याकडचे हाल खोटे ठरत नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्येच परळला कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं होतं. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. एवढंच मागणं. रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडला. चीनच्या सुतावर गिरण्या भरभरून कमवत होत्या त्याच वर्षांत ही मागणी पडून होती, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. माझी पणजी त्या आधीच्या वर्षांतही रविवारी रिळावर उभी असणार.

घसरत्या रुपयाचा जाच सर्वांत जास्त झाला तो सरकारला. लंडनला दरवर्षी व्याज, पेन्शनी, फौजेचा खर्च पौंडांत पाठवावा लागे. पौंडाला दहा रुपये लागत त्या जागी सोळा लागू लागले, आणि तेवढा कर इथूनच गोळा करायचा. लॉर्ड हर्शेल यांची समिती बसली. तिच्या शिफारशीवरून सोमवार, २६ जून १८९३ रोजी सिमल्याला एका दिवसात कायदा झाला: चांदी आणून रुपये पाडून घेण्याचा लोकांचा हक्क बंद. रुपयाचा पुरवठा आवळला की त्याचा भाव वर राहील, एक शिलिंग चार पेन्सांवर त्याला नेऊन बसवू, असा बेत. त्याला पाच-सहा वर्षं लागली, पण सरकारने तो शेवटास नेला. १८९९ मध्ये पौंडाला १५ रुपये हा भाव पक्का झाला.

त्या सोमवारी रुपया आणि तोळा यांची फारकत झाली.

गिरण्यांवर घाव लगेच पडला. रुपया सरकारी हातात अडकला आणि चीनचा टेल मात्र चांदीबरोबर घसरतच राहिला. चीनचा गिऱ्हाईक पूर्वीइतकीच चांदी देत होता, पण तिचे मुंबईत कमी रुपये होऊ लागले. लँकेशायर वीस वर्षं ज्या जागी उभं होतं, त्या जागी आता मुंबई होती. त्या वर्षी चीनला जाणारं सूत एकदम कमी झालं, गिरणीमालकांनी सरकारकडे तक्रारी केल्या. मुंबईचा पैसा महाग झाला म्हणून मुंबईत माल करणं महाग पडू लागलं, इतकं साधं.

चांदीची संगत कुणाला उरली? एक जपान. ओसाकाची मोठी कताई गिरणी १८८३ ची. विजेच्या दिव्यांखाली रात्रपाळ्या, खेड्यांतून आणलेल्या मुली, आणि १८९७ पर्यंत चांदीचाच येन. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले, निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी जमवून त्यांनी पी अँड ओ च्या भाड्याच्या मक्तेदारीला आव्हान दिलं. त्या बोटींतून आपला कापूस स्वस्तात जपानला जाऊ लागला. जपानने १८९४ मध्ये सुतावरची निर्यात जकात काढली, १८९६ मध्ये कापसावरची आयात जकात. नागपूर-अकोल्याचा कापूस ओसाकात कातला जाऊन शांघायला मुंबईच्या सुताशेजारी मांडला जाऊ लागला.

आणि दुसरं खुद्द शांघाय. चीन-जपान युद्धानंतर १८९५ चा शिमोनोसेकीचा तह झाला आणि परकीयांना चीनच्या खुल्या बंदरांत कारखाने घालायची मुभा मिळाली. दोनएक वर्षांत तिथं जार्डिन मॅथेसनची ईवो गिरणी उभी राहिली. इतर ब्रिटिश, अमेरिकन आणि जर्मन कंपन्यांच्या गिरण्याही आल्या. लँकेशायरमध्ये बसून चीनला सूत विकणं जमत नाही तर चीनमध्येच काता, चांदीत मजुरी द्या, चांदीत विका. दुबळ्या चलनाच्या देशात कारखाना नेण्याची ही कल्पना आज सगळ्या कंपन्या नवीच म्हणून मांडतात. व्हांगपू नदीकाठी ती सव्वाशे वर्षांपूर्वी धूर सोडत होती.

मुंबई एका दिवसात बसली नाही. १९०५ च्या सुमाराला चीनला जाणारं सूत पुन्हा एकदा उंच चढलं. पण पाया गेला होता, आणि मध्ये १८९६ चा प्लेग, १९०० मधली चीनची बॉक्सरांची धामधूम असे तडाखे बसले. गिरण्या हळूहळू सुताकडून कापडाकडे, चीनकडून देशी बाजाराकडे वळल्या.

आता तोडे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग दिसला आणि हिवाळाभर मुंबई रिकामी होत राहिली. पणजोबा-पणजी गावी परतली. पगार बंद, घरात तीन लेकरं. पणजीने लग्नातल्या तोड्यांपैकी एक देवरुखला नेला. आजीने ही गोष्ट मला अनेकदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी एक वाक्य तेच असायचं: “सराफ म्हणाला, आता चांदी म्हणजे रुपया नाही, बाई.” पणजीला वाटलं तो लुबाडतोय. मरेपर्यंत तिला तसंच वाटत होतं.

मी तो हिशेब करून पाहिला. १८९७ मध्ये लंडनला चांदी २७ पेन्सांच्या आसपास होती. त्या भावाने रुपयातली चांदी दहा पेन्सांची भरते, तर रुपया पंधरा पेन्सांच्या वर होता. म्हणजे एका तोळ्याला दहा-साडेदहा आणे. चार-पाच वर्षांपूर्वी पंधरा आण्यांच्या वर मिळाले असते. त्यात सराफाने आपला वाटा काढला असणारच, पण मोठी तूट त्याच्या पारड्यात नव्हती, सिमल्याच्या कायद्यात होती. त्याच वर्षी दख्खनमध्ये पुन्हा दुष्काळ होता. १८७७ मध्ये ज्या टांकसाळीने शेतकऱ्यांचे दागिने घेऊन रुपये दिले होते तिचं दार या वेळी बंद होतं. शेतसारा मात्र रुपयांतच भरायचा होता, आणि रुपया महाग झाला होता. दादाभाई नवरोजींनी लंडनमध्ये हेच सांगितलं: रुपया कृत्रिमपणे महाग केला की रयतेचा कर कायद्यात एक अक्षरही न बदलता वाढतो.

एक तपशील मला फार झोंबतो. रुपयांत पगार घेणाऱ्या गोऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना घरी पैसे पाठवताना तोटा होतो, म्हणून १८९३ मध्येच सरकारने त्यांना हुंडणावळीच्या नुकसानीचा भत्ता सुरू केला. चांदीच्या घसरणीची भरपाई मागायची तर ती कुणाकडे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ती त्यांना मिळाली. पणजीच्या तोड्याची भरपाई कुणी, कुठे मागायची होती?

पुढचा इतिहास मी भराभर सांगते, कारण तीच गोष्ट पात्रं बदलून पुन्हा घडते. १९२६ मध्ये हिल्टन यंग कमिशनने रुपया एक शिलिंग सहा पेन्सांवर बांधा असं सांगितलं. पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी विरोधी टिपण जोडलं: एक शिलिंग चारच पेन्स हवेत. मुंबईचे गिरणीमालक त्यांच्या मागे उभे राहिले, कारण महाग रुपयाने परदेशी कापड सुमारे अकरा टक्क्यांनी स्वस्त होत होतं. ते हरले. १९२७ चा कायदा अठरा पेन्सांचाच झाला. मालकांनी कसर मजुरीतून आणि वाढीव कामातून काढायचं ठरवलं, आणि १९२८ मध्ये गिरणगावात सहा महिन्यांचा संप झाला. १९३१ च्या डिसेंबरात जपानने येन सोन्यापासून सोडवला, तो कोसळला आणि जपानी कापडाचे डोंगर मुंबईच्या बंदरात आले. सरकारने १९३३ मध्ये त्यावर ७५ टक्के जकात बसवली. जपानी गिरण्यांनी उलट आपला कापूस घेणं बंद केलं, तेव्हा वऱ्हाडचा शेतकरी भरडला गेला. शेवटी १९३४ च्या जानेवारीत तोड निघाली: जपानने कापसाच्या दहा लाख गासड्या घ्यायच्या, त्या बदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड इथं विकायचं. पैशाचे भाव इतके डळमळले होते की दोन देश कापसाच्या मोबदल्यात कापड मोजायला बसले.

दफ्तरीकाकांच्या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या गिरणीमालकांच्या आणि मँचेस्टरवाल्यांच्या भांडणात सापडलं नाही. दोघंही मालकाच्या वहीतून बोलत होते. ते सापडलं परळच्या बी.आय.टी. चाळीत राहणाऱ्या माणसाच्या पुस्तकात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा प्रबंधच तो. आम्ही बँकेतल्या परीक्षांना केन्स वाचला, आणि केन्सच्या मताला आव्हान देणारं हे पुस्तक आमच्यापैकी कुणी उघडलं नव्हतं, याची मला खंत आहे.

आंबेडकर त्यात सरळ प्रश्न टाकतात: घसरत्या हुंडणावळीने हिंदी निर्यातदाराला जे बक्षीस मिळालं ते दिलं कुणी? परदेशी गिऱ्हाइकाने नाही, त्याने तर स्वस्तात घेतलं. चांदी स्वस्त झाली तसे देशात हळूहळू भाव चढत गेले, पण मजुरी भावांच्या मागे रेंगाळली. मालकाला माल चढ्या भावाने विकता आला आणि मजुरी जुन्याच दराने देता आली. जे बक्षीस दिसतं ते देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलं, राष्ट्राची त्यात कमाई झाली असं म्हणता येत नाही. मी ते प्रकरण दोनदा वाचलं. पणजोबांना रोजगार याच चांदीने दिला हे मला नाकारता येत नाही, ती नसती तर ते कदाचित धक्क्यावर उतरलेच नसते. पण त्या रोजगाराची किंमतही त्यांनीच भरली होती, हे मला साठीनंतर कळलं.

दफ्तरीकाका तेव्हा विरारला मुलाकडे राहत होते. मी पुस्तक घेऊन गेले. नव्वदीच्या आसपास पोचलेले, नजर अधू, पण कान शाबूत. १९९१ ची ती दुपार त्यांना आठवत होती. मी म्हटलं, “काका, तेव्हा तुम्हाला उत्तर चुकीचं दिलं होतं, ते दुरुस्त करायला आलेय.” ते हसले नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, “बसा. वाचा.”

मी मराठीत सांगत सांगत वाचू लागले. चांदी, टांकसाळ, चीनचं सूत. त्यांचा आजा त्याच काळात साच्यावर लागला होता. पगार किती होता ते आज्याने कधी सांगितलं नाही, असं ते मध्येच म्हणाले. मग विचारलं, “तेव्हा धान्याचा भाव काय होता, ते दिलंय का यात?”

“आकडे आहेत. भाव कसे चढत गेले त्याचं कोष्टक आहे.”

“वाचा.”

मी १८७३ पासून सुरुवात केली. वर्ष आणि आकडा, वर्ष आणि आकडा. ते डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक चार-पाच वर्षांनी हात वर करून मला थांबवत आणि विचारत, “आणि मजुरी?”